पाय रोवल्याशिवाय चाल नाही : भ्रूणातल्या पेशी काचेवर कशा चिकटतात आणि कशा चालतात

कोंबडीचं अंडं उबवायला ठेवून आठवडा झाला की आतल्या भ्रूणाचं हृदय काही मिलिमीटरचं झालेलं असतं. त्याचा अर्ध्या मिलिमीटरचा तुकडा कापून काचेवर ठेवला, वरून पोषक द्रव घातला आणि इन्क्युबेटरमध्ये ३७ अंश सेल्सिअसवर ठेवला, तर तो तुकडा तिथेही धडधडत राहतो. पहिल्यांदा बघणाऱ्याची नजर त्या धडधडीवरून हलत नाही. माझीही हलली नव्हती. पण खरं बघायचं ते तुकड्याच्या कडेला असतं आणि ते दुसऱ्या दिवशी दिसतं. आदल्या दिवशी जिथे नुसती काच होती, तिथे आता तुकड्याभोवती पेशींचं विरळ वलय पसरलेलं असतं. आतल्या बाजूला दाटी, बाहेरच्या बाजूला एकेकटी पेशी, आणि जवळजवळ प्रत्येकीचं तोंड तुकड्यापासून लांबच्या दिशेला.

या पेशी तुकड्यातून चालत बाहेर आलेल्या असतात. त्यांना पाय नसतात, शेपटी नसते, पोहता येत नाही. तरी त्या मिनिटाला साधारण एक मायक्रोमीटर सरकतात. मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. काचेवर पसरलेल्या अशा पेशीची लांबी पन्नास मायक्रोमीटरच्या आसपास असते, म्हणजे तासाभरात ती स्वतःच्या लांबीइतकी वाट कापते आणि दिवसभरात मिलिमीटरभर पुढे जाते. डोळ्यांना हे दिसत नाही. दर मिनिटाला एक फोटो काढून ते फोटो भरभर फिरवले की मग दिसतं, आणि एकदा दिसलं की पेशी म्हणजे पाठ्यपुस्तकातला गोल आणि मधला ठिपका, हे चित्र डोक्यातून कायमचं पुसलं जातं.

हे सगळं काचेवरचं कौतुक म्हणून सोडून देता येत नाही, कारण आपलं शरीरही असंच घडलेलं आहे. चेहऱ्याची बरीचशी हाडं, त्वचेतल्या रंगपेशी, आतड्याच्या भिंतीतल्या चेतापेशी या सगळ्यांचे पूर्वज भ्रूणाच्या पाठीच्या रेषेवर जन्मले आणि तिथून चालत आपापल्या जागी गेले. त्यांना वाट कशी सापडते हा मोठा प्रश्न. पण त्याच्याही आधीचा प्रश्न साधा आहे: त्या कशाला धरून चालतात?

कोळ्याच्या धाग्यावरची पेशी

हा प्रश्न नीट विचारला तो रॉस ग्रॅनव्हिल हॅरिसन यांनी. १९०७ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात असताना ते वेगळ्याच वादाच्या मागे होते. चेतातंतू, म्हणजे नर्व्ह फायबर, एका पेशीतून बाहेर फुटून लांब वाढतो, की वाटेतल्या पेशी जोडल्या जाऊन जागच्या जागी तयार होतो? काप घेऊन, रंग देऊन, मेलेल्या ऊतकाकडे बघत लोक वर्षानुवर्षं भांडत होते. हॅरिसन यांनी बेडकाच्या भ्रूणातला चेतानलिकेचा, म्हणजे पुढे ज्यातून मेंदू आणि मज्जारज्जू होतात त्या नळीचा, बारीक तुकडा घेतला, बेडकाच्याच लसिकेच्या, म्हणजे लिम्फच्या थेंबात ठेवला, थेंब पातळ काचेवर लोंबता ठेवून खाली खळगा असलेली काचपट्टी लावली आणि कडा मेणाने बंद केल्या. लसिका गोठली. त्या गोठलेल्या थेंबात त्यांना जिवंत पेशीतून तंतू बाहेर येताना आणि त्याचं टोक सतत वळवळत पुढे सरकताना दिसलं. वाद मिटायला हे पुरेसं होतं. शरीराबाहेर ऊतक जगवायची पद्धतही तिथूनच पुढे रुळली.

मला मात्र त्यांचं पुढचं काम जास्त जवळचं वाटतं. लसिका गोठली की पेशी बाहेर येत, द्रव पातळच राहिला की येत नसत. मग फरक कशाने पडतो? गोठलेल्या थेंबात तंतूंचं जाळं असतं. पेशीला पोषण हवं आहे की नुसता आधार, हे तपासायचं तर पोषण न देणारा, पण घट्ट असा आधार हवा. हॅरिसन यांनी कोळ्याच्या जाळ्याचे धागे घेतले, ते द्रवात ताणून बसवले आणि त्यात भ्रूणाचा तुकडा ठेवला. पेशी धाग्यांवर आल्या, धाग्यासारख्या लांबट झाल्या आणि धाग्याधाग्याने चालू लागल्या. काचेला टेकलेल्या पेशी मात्र काचेसारख्याच सपाट पसरल्या. याचा सविस्तर वृत्तांत १९१४ साली आला. त्यात पुढच्या शंभर वर्षांचं बरंचसं बीज आहे: पेशीला चालायला घन आधार लागतो, आणि त्या आधाराचा आकार पेशीचा आकार आणि वाट ठरवतो.

द्रवात तरंगणारी पेशी गोल होते. तिची हालचाल थांबत नाही, अंगावर फोड आल्यासारखे फुगे येतात आणि जातात, पण ती कुठेच पोचत नाही. निसरड्या जागी माणूस कितीही पाय हलवला तरी जागच्या जागी राहतो, तसंच हे.

पेशी काचेला चिकटतच नाही

शीर्षकात मी काचेवर चिकटतात असं लिहिलं खरं, पण पेशीची पकड काचेवर नसते. काच द्रवात बुडली की काही सेकंदांतच द्रवातली प्रथिनं तिच्यावर बसायला लागतात. कल्चरच्या, म्हणजे पेशी शरीराबाहेर वाढवायच्या द्रवात सहसा थोडं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारा द्रव, घातलेलं असतं आणि सीरममध्ये अनेक प्रथिनं असतात. त्यांतली कामाची दोन: फायब्रोनेक्टिन आणि व्हिट्रोनेक्टिन. पेशी खाली येईपर्यंत काचेवर प्रथिनांची पातळ सतरंजी अंथरलेली असते आणि पेशी तिला धरते. भ्रूणात पेशींच्या मधल्या जागेतही असंच प्रथिनांचं जाळं असतं, त्याला मॅट्रिक्स म्हणतात. काचेवरची सतरंजी ही त्याची गरिबाघरची आवृत्ती समजा.

प्रयोगशाळेत कामाला लागून जेमतेम महिना झाला असताना मी कपाटातून चुकीच्या डिश काढल्या होत्या. दिसायला अगदी सारख्या, पारदर्शक, गोल, त्याच मापाच्या. त्या जीवाणू वाढवण्यासाठीच्या डिश होत्या. दुसऱ्या दिवशी मायक्रोस्कोपखाली बघितलं तर एकही पेशी खाली बसलेली नाही, सगळ्या एकमेकींना चिकटून गोळे होऊन तरंगत होत्या. माझ्या हातून पेशी मेल्या असं वाटून मी सगळं टाकून द्यायला निघाले होते. पेशी ठणठणीत होत्या. या डिश ज्या प्लास्टिकच्या असतात ते साधं पॉलिस्टायरिन पाण्याला दूर लोटतं. त्यावर प्रथिनं बसतात, पण पेशीला धरता येईल अशा अवस्थेत फारशी बसत नाहीत. कल्चरसाठीच्या डिशचा पृष्ठभाग कारखान्यात विद्युतभारित वायूने भाजून पाणी धरणारा केलेला असतो. तेवढाच फरक. आणि आधार मिळाला नाही की पेशी एकमेकींना धरतात, हेही मला त्या दिवशी कळलं. स्टेम पेशींचे गोळे मुद्दाम करायचे असतात तेव्हा हीच गोष्ट वापरतात.

आता पकड जवळून बघू. पेशीच्या आवरणात आरपार बसलेली प्रथिनं असतात, त्यांना इंटिग्रिन म्हणतात. हे नाव १९८६ साली पडलं, आणि ते नेमकं आहे, कारण ही प्रथिनं बाहेरचं आणि आतलं एकत्र सांधतात. माणसात इंटिग्रिनचे २४ प्रकार आहेत. बाहेरच्या टोकाने ती फायब्रोनेक्टिन पकडतात. फायब्रोनेक्टिन हे अडीच हजारांच्या आसपास अमिनो आम्लांची साखळी असलेलं लांबलचक प्रथिन आहे, पण पकडायची मूठ जवळजवळ तीनच अमिनो आम्लांची आहे: आर्जिनिन, ग्लायसिन, ॲस्पार्टिक आम्ल. १९८४ साली पियर्सबाखर आणि रुओस्लाहती यांनी हे दाखवलं. या तीन आम्लांचा तुकडा असलेली छोटी साखळी द्रवात सोडली की इंटिग्रिन तिलाच धरून बसतात आणि पेशीचा हात काचेवरून सुटतो. इतक्या अवाढव्य प्रथिनात पेशी इतकी छोटी खूण शोधते, याचं आश्चर्य मला अजून वाटतं.

इंटिग्रिनला पकड घ्यायला मॅग्नेशियम, कॅल्शियमसारखे धातूंचे आयन लागतात. म्हणून पेशी डिशवरून उचलायच्या असतील तर आधी कॅल्शियम-मॅग्नेशियम नसलेल्या द्रवाने धुतात आणि मग ट्रिप्सिन घालतात. ट्रिप्सिन प्रथिनं कापतं. मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलं तर दिसतं: पसरलेल्या पेशीच्या कडा आत ओढल्या जातात, ती फुगते, चमकायला लागते, आणि दोन-चार मिनिटांत गोल होऊन डिशला हलकीशी टिचकी मारली तरी सुटते. हीच पेशी नव्या डिशमध्ये टाकली की पंधरा-वीस मिनिटांत टेकते आणि पुढच्या तासा-दोन तासांत तळलेल्या अंड्यासारखी पसरते, मधे फुगीर आणि कडेला पातळ.

इंटिग्रिनचं आतलं टोक टॅलिन नावाच्या प्रथिनाला जोडलेलं असतं आणि टॅलिन पेशीच्या आतल्या दोऱ्यांना, म्हणजे ॲक्टिनच्या तंतूंना. एक इंटिग्रिन एकटं काही पेलू शकत नाही. शेकड्यांनी एकत्र येऊन त्यांचा ठिपका तयार होतो, त्याला फोकल अधेजन म्हणतात. मी त्याला पाऊल म्हणेन. या पावलापाशी पेशीचं आवरण आणि काच यांच्यात १० ते १५ नॅनोमीटर अंतर असतं. बाकीच्या ठिकाणी पेशी काचेपासून शंभर नॅनोमीटर किंवा त्याहून जास्त वर असते. म्हणजे पसरलेली पेशी काचेवर सपाट लोळलेली दिसली तरी ती मोजक्या टाचांवर उभी असते. पेशीच्या पोटाखालून परतणाऱ्या प्रकाशाच्या लाटांवरून हे अंतर मोजायची युक्ती ॲडम कर्टिस यांनी १९६४ साली कोंबडीच्या भ्रूणाच्या हृदयपेशींवरच वापरली होती. त्या चित्रात काचेच्या अगदी जवळची जागा काळी दिसते.

पावलाची सगळ्यात विलक्षण गोष्ट अशी की ओढलं की ते मजबूत होतं. आपल्याकडच्या बहुतेक गाठी ओढल्या की सुटतात. इथे टॅलिनवर ताण आला की त्याच्या घड्या उलगडतात, आतल्या जागा उघड्या पडतात, त्यांवर व्हिन्क्युलिन नावाचं दुसरं प्रथिन येऊन बसतं आणि आणखी तंतू जोडले जातात. पेशी जणू ओढून बघते आणि जागा टिकली तरच तिथे वजन टाकते.

एक पाऊल टाकायला काय काय लागतं

चालणाऱ्या पेशीचा पुढचा भाग म्हणजे अतिशय पातळ पत्रा, जाडी मायक्रोमीटरच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहून कमी. त्याला लॅमेलिपोडियम म्हणतात. त्यात केंद्रक नाही, इतर अवयव नाहीत, जवळजवळ फक्त ॲक्टिनचं जाळं. या जाळ्याच्या पुढच्या कडेला ॲक्टिनचे नवे मणी सतत जोडले जातात आणि त्या जोडण्याच्या रेट्याने आवरण पुढे ढकललं जातं. अधूनमधून काही बारीक बोटंही बाहेर येतात, चाचपडतात, परत जातात.

पण जाळं वाढतं म्हणून पेशी पुढे गेलीच असं होत नाही. पुढे मणी जोडले जात असताना मागून मायोसिन, म्हणजे ॲक्टिनचे तंतू ओढणारं प्रथिन, जाळ्याला आत ओढत असतं. त्यामुळे अख्खं जाळं सतत मागे वाहत असतं. पावलं घट्ट नसतील तर पुढे जितकं जोडलं तितकंच मागे जातं आणि कडा तिथल्या तिथे राहते. गाडीचं इंजिन चालू आहे आणि क्लच दाबलेला आहे, तशी गत. पाऊल रोवलं गेलं, इंटिग्रिनमार्फत जाळं जमिनीला जोडलं गेलं, की मागे वाहणं मंदावतं आणि तोच जोर कडेला पुढे नेतो. मिचिसन आणि कर्शनर यांनी १९८८ साली हा विचार मांडला तेव्हा त्यांनीही क्लचचीच उपमा घेतली होती.

पकड न मिळालेला पत्रा काय करतो तेही दिसतं. त्याची कडा काचेवरून वर उचलली जाते आणि वाऱ्याने पदर उलटावा तशी मागे दुमडत जाते. मायक्रोस्कोपखाली ती गडद सुरकुतीसारखी मागे सरकताना दिसते. बघताना वाटतं पेशी काहीतरी जोरात करते आहे. खरं तर तिचं ते पाऊल फसलेलं असतं.

पुढच्या कडेखाली सतत नवे, अगदी बारीक ठिपके उमटतात. त्यांतले बरेचसे मिनिटाभरात विरून जातात. काही थोडे ताण घेतात, मोठे होतात, टिकतात. आणि इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी लागते, कारण ती आपल्या कल्पनेच्या उलट आहे: टिकलेलं पाऊल पेशीबरोबर पुढे जात नाही. ते काचेवर आहे तिथेच राहतं आणि पेशीचं अंग त्याच्यावरून पुढे सरकतं. जे पाऊल पुढच्या टोकाखाली जन्मलं, ते काही वेळाने पोटाखाली आणि शेवटी शेपटीखाली असतं. तिथे ते सोडवावं लागतं.

सोडवणं हे रोवण्याइतकंच महत्त्वाचं काम आहे. फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी, ज्या हृदयाच्या त्या तुकड्यातून सगळ्यात जास्त संख्येने बाहेर पडतात, त्यांची शेपटी बराच वेळ अडकून राहते. पेशी पुढे ओढत असते, शेपटी ताणून ताणून दोरीसारखी होते आणि मग एकदम सुटते. सुटताना आवरणाचे बारीक धागे काचेवर मागे राहतात. शेपटी सुटली की पेशीचं पुढचं टोक थोडा वेळ जास्त वेगाने पसरतं. एखाद्या रात्री काढलेल्या फोटोंत हे दहा वेळा बघितलं असेल, तरी अकराव्यांदा शेपटी सुटायच्या आधी मी श्वास रोखून बसते.

म्हणून काचेवर फायब्रोनेक्टिन वाढवत नेलं तर वेग वाढतच जाईल, असं होत नाही. खूप कमी असेल तर पकड नाही, खूप जास्त असेल तर सुटका नाही. वेग सगळ्यात जास्त असतो तो मधे कुठेतरी, आणि हे १९९०च्या दशकात मोजून दाखवलं गेलं. धरणं आणि सोडणं यांचा हा हिशेब पेशी क्षणोक्षणी करत असते. हे सगळं बघताना मला कायम हेच वाटत आलं आहे की चिकटणं आणि चालणं ही पेशीची दोन वेगळी कामं नाहीतच. पाऊल म्हणजेच पकड, आणि चाल म्हणजे पकडी बदलत जाणं.

शेजारणीला हात लागला की

सुरुवातीच्या वलयाकडे परत येऊ. पेशींची तोंडं बाहेरच्या बाजूला का होती?

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये मायकेल ॲबरक्रॉम्बी आणि जोन हेसमन यांनी १९५३-५४ मध्ये कोंबडीच्या भ्रूणाच्या हृदयाचे दोन तुकडे काचेवर जवळजवळ ठेवले. दोन्हींमधून पेशी बाहेर पडल्या आणि मधल्या जागेत समोरासमोर आल्या. त्यांनी एकेका पेशीचा वेग मोजला. एका पेशीचा दुसरीला स्पर्श झाला की तिचा त्या दिशेचा वेग कमी होई. पेशी एकमेकींच्या अंगावर चढत नसत, योगायोगाने जितक्या चढायला हव्या त्याहूनही कमी. स्पर्श झाला त्या जागी पुढचा पत्रा थांबतो, आकसतो, आणि थोड्या वेळाने दुसऱ्याच बाजूला नवा पत्रा फुटतो. याला कॉन्टॅक्ट इनहिबिशन म्हणतात. पुढे उंदराच्या सार्कोमा या कर्करोगाच्या पेशी समोर ठेवल्या तेव्हा त्या अशा थांबत नाहीत, असं याच मंडळींनी दाखवलं.

आता वलय उलगडतं. तुकड्याच्या कडेच्या पेशीला तीन बाजूंनी शेजारणी आहेत. मोकळी बाजू एकच, बाहेरची. कोणी दिशा दाखवायला नको, हाक मारायला नको. गर्दीतून वाट काढणाऱ्या माणसासारखी ती मोकळीकडे जाते. २००८ साली त्याच कॉलेजातल्या रोबर्तो मायोर यांच्या गटाने बेडूक आणि झेब्रा मासा यांच्या भ्रूणांत, म्हणजे जिवंत शरीरात, न्यूरल क्रेस्ट पेशी हेच करताना दाखवल्या. न्यूरल क्रेस्ट म्हणजे पाठीच्या रेषेवरून निघणाऱ्या त्याच प्रवासी पेशी. काचेवर बघितलेली गोष्ट भ्रूणात सापडायला अर्धशतक लागलं.

पेशी एकमेकींना धरतात ते इंटिग्रिनने नव्हे. त्यासाठी कॅडहेरिन नावाची प्रथिनं आहेत. जपानमध्ये मासातोशी ताकेइची यांनी ती शोधली. त्यांनाही कॅल्शियम लागतं. प्रवासाला निघायच्या आधी न्यूरल क्रेस्टच्या पेशी चेतानलिकेच्या छपरात शेजारणींना घट्ट धरून असतात. निघताना ही पकड सैल होते आणि मॅट्रिक्सवरची पकड कामाला येते. पक्ष्याच्या भ्रूणातली चेतानलिका फायब्रोनेक्टिन लावलेल्या काचेवर ठेवली तर काही तासांतच या पेशी दोन्ही बाजूंनी उतरून काचेवर पसरायला लागतात. शिकणाऱ्या माणसाला दाखवायला याहून चांगला प्रयोग मला माहीत नाही.

रबराला पडलेल्या सुरकुत्या

पेशी किती जोराने ओढते, हे बघायला काच निरुपयोगी, कारण काच वाकत नाही. अल्बर्ट हॅरिस यांनी १९८० साली एक सुंदर युक्ती केली. त्यांनी सिलिकोनचं घट्ट तेल काचेवर पसरलं आणि त्यावरून क्षणभर ज्योत फिरवली. वरचा थर तापून त्याची रबरासारखी पातळ साय झाली, खाली तेल तसंच राहिलं. त्या सायीवर पेशी सोडल्या. पेशींनी साय अशी आवळली की त्यांच्या खाली आणि भोवती सुरकुत्या पडल्या.

त्यातून निघालेली गोष्ट अनपेक्षित होती. फायब्रोब्लास्ट चालायला लागतो त्यापेक्षा कितीतरी जास्त जोराने ओढतो. वाढत्या चेतातंतूची टोकं, जी व्यवस्थित पुढे जातात, ती त्या मानाने अगदी हलक्या हाताने ओढतात. मग फायब्रोब्लास्टला इतका जोर कशाला? हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढच्याच वर्षी दाखवलं की कोलॅजेन या तंतुमय प्रथिनाच्या जेलमध्ये या पेशी ठेवल्या तर त्या आपल्या ओढीने कोलॅजेनचे तंतू गोळा करतात, एका दिशेला रचतात, दोन तुकड्यांच्या मध्ये पट्टे तयार करतात. स्नायू हाडाला बांधणाऱ्या पट्ट्यांसारखे. पेशी वाटेवरून नुसती जात नाही, ती वाट ओढूनताणून घडवतेसुद्धा.

काच आणि भ्रूण यांत फरक आहे, आणि तो लपवू नये

काच आणि प्लास्टिक भ्रूणाच्या ऊतकापेक्षा लाखो पटींनी कडक असतात. काचेवर दिसणारी मोठमोठी पावलं आणि पेशीच्या आरपार ताणलेल्या ॲक्टिनच्या जाड दोऱ्या हा बराचसा त्या कडकपणाचा परिणाम आहे. मऊ जेलमध्ये, चहूबाजूंनी तंतू असताना, तीच पेशी निमुळती होते आणि पावलं लहान राहतात. म्हणून काचेवरचं सगळं जसंच्या तसं भ्रूणाला लावू नये. पण काचेवर विचारलेला प्रश्न भ्रूणात परत विचारता येतो, आणि तसं केलं तेव्हा फार सुंदर उत्तरं मिळाली आहेत.

उभयचर प्राण्यांचा भ्रूण सुरुवातीला पोकळ चेंडू असतो. मग काही पेशी एका फटीतून आत वळतात आणि पोकळीच्या छताच्या आतल्या बाजूने वर चढत जातात. १९८३ साली नाकात्सुजी आणि जॉन्सन यांनी सॅलमँडरच्या भ्रूणाचं ते छत काढलं, त्याची आतली बाजू खाली करून डिशवर काही तास ठेवलं आणि मग उचलून टाकलं. डिशवर छताने सोडलेले तंतू तेवढे उरले. त्यावर आत वळणाऱ्या पेशी सोडल्या. पेशी चिकटल्या, चालल्या, आणि भ्रूणात ज्या दिशेला गेल्या असत्या त्याच दिशेला जास्त करून गेल्या. छत नाही, भ्रूण नाही, फक्त त्याने मागे ठेवलेली सतरंजी, आणि तिच्यातच दिशा विणलेली. पुढच्याच वर्षी बुको आणि सहकाऱ्यांनी उभयचर भ्रूणाच्या पोकळीत फायब्रोनेक्टिनला झाकून टाकणारी प्रतिपिंडं सोडली, तर आत वळायची ही क्रियाच थांबली.

पेशी तयार असावी लागते हेही तितकंच खरं. नखीदार बेडकाच्या भ्रूणातल्या, अजून काय व्हायचं हे न ठरलेल्या पेशी फायब्रोनेक्टिनवर सोडल्या तर त्या गोलच राहतात. ॲक्टिव्हिन हे संकेत देणारं प्रथिन दिलं, म्हणजे तुम्ही मधल्या थराच्या पेशी व्हायचं असं सांगितलं, की त्या त्याच काचेवर पसरतात आणि चालू लागतात. जमीन तीच असते, बदललेली असते ती पेशी. आणि उलटही घडतं. २०१८ साली मायोर यांच्या गटानेच दाखवलं की याच बेडकात न्यूरल क्रेस्ट पेशी निघतात तेव्हा त्यांच्या खालचा थर कडक झालेला असतो. तो मऊ ठेवला तर पेशी निघत नाहीत, वेळेआधी कडक केला तर वेळेआधी निघतात.

या चालीवर काय अवलंबून असतं ते आतड्यात दिसतं. न्यूरल क्रेस्टच्या काही पेशी मानेच्या वरच्या भागातून निघून आतड्यात शिरतात आणि त्याच्या शेवटच्या टोकापर्यंत चालत जातात. माणसाच्या भ्रूणात हा प्रवास साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात होतो, आणि तोवर आतडंही लांब होतच असतं. दर पाच हजार बाळांमागे साधारण एका बाळात या पेशी टोकापर्यंत पोचत नाहीत. तेवढ्या भागात चेतापेशीच नसतात, तो भाग मल पुढे ढकलू शकत नाही, आणि जन्मानंतर शस्त्रक्रिया करून तो काढावा लागतो. याला हिर्शस्प्रुंग रोग म्हणतात.

उंदराच्या भ्रूणाचं आतडं काढून कल्चरमध्ये ठेवता येतं आणि त्यातल्या चमकणाऱ्या पेशींचे फोटो काढता येतात. त्या एकमेकींना धरून, साखळ्या करून चालतात. साखळीतून सुटलेली एखादी पेशी इकडेतिकडे भरकटते आणि बरेचदा मागून आलेल्या साखळीत परत सामील होते. सुरुवातीला पेशी संख्येने कमी असल्या, तर साखळ्या आतड्याच्या शेवटपर्यंत पोचत नाहीत.